न फिरवलेली चाकं

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन एका वृद्ध गुरूंकडे गेला. मुलीचं नाव शलाका. चाकांचे बूट घालून ती गुळगुळीत फरशीवर नाचायची, गिरक्या घ्यायची, हवेत दोनदा फिरून उजव्या पायावर उतरायची. जिल्ह्यात तिला जोड नव्हती. महिन्याभराने देशाच्या संघाची निवड चाचणी होती, आणि वयाच्या नियमाप्रमाणे तिच्या गटातली तिची ही शेवटचीच संधी होती. नेमकी त्याच वेळी तिची उडी बिघडली. पाचातून तीनदा ती पडू लागली.

त्यांच्यासोबत तिचा प्रशिक्षकही होता. तिशीतला, तळमळीचा, थोडा उतावळा माणूस. लहानपणी तो याच गुरूंकडे शिकला होता. त्याच्या हाताखालून इतक्या वर पोचलेली शलाका ही पहिलीच.

ते पोचले तेव्हा गुरू रिंकच्या फरशीवर ओलं पोतं फिरवत होते. सत्तरी उलटली होती, तरी हे काम ते कुणाला देत नसत. वाळूचा एक कण चाकाखाली आला की नाचणारं पोर आडवं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“या,” ते म्हणाले. “चपला तिकडेच काढा. तुम्ही आणलेली वाळू मलाच पुसावी लागते.”

व्यापाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सुरुवात केली. “गुरुजी, एक आधीच सांगतो. चाकांत काही दोष नाही. दर रविवारी मी स्वतः आठही चाकं फिरवतो. डावीकडचं उजवीकडे, आतलं बाहेर. आजवर एक रविवार चुकलेला नाही. माझ्या आईचं तेरावं रविवारी आलं होतं, त्या दिवशीसुद्धा नाही.”

या खेळात हा रिवाजच आहे. चाकं एकाच जागी राहिली तर एका कडेने झिजतात. म्हणून त्यांच्या जागा अदलून बदलून लावायच्या, म्हणजे आठही सारखी झिजतात आणि जास्त टिकतात.

“चाकांचं नाहीच ते,” प्रशिक्षक म्हणाला. “लक्ष उडालंय तिचं, गुरुजी. मी दोन वळणं बदलली, संगीत बदललं. थोडा हात फिरवा तुम्ही, की बसेल उडी.”

गुरूंनी मुलीकडे पाहिलं. “पोरी, कुठे दुखतं का?”

“छे हो!” व्यापारी म्हणाला. “आमची शलू दुखलं म्हणून कधी रडली नाही. तीन वर्षांची होती, दारात बोट सापडलं, तरी हूं नाही की चूं नाही.”

“माझ्या सगळ्या पोरांत चिवट हीच,” प्रशिक्षक म्हणाला. “नव्या पोरांना मी हिच्याकडेच बोट दाखवतो.”

शलाकाने आधी बाबांकडे पाहिलं, मग सरांकडे. “नाही गुरुजी,” ती म्हणाली.

गुरूंनी कोऱ्या चाकांची पेटी मागवली, सर्वांसमोर फोडली आणि आठही नवी चाकं स्वतः बुटांना लावली. शेवटचा नट आवळून ते म्हणाले, “तीन आठवडे ही इथे सराव करेल. माझी अट एकच. या चाकांना कुणी हात लावायचा नाही.”

“रविवारी मी येतोच की फिरवायला,” व्यापारी म्हणाला.

“रविवारीसुद्धा नाही.”

“अहो, पण झिजतील!”

“झिजू द्या.”

व्यापाऱ्याने प्रशिक्षकाकडे पाहिलं. प्रशिक्षकाने खांदे उडवले. पण गुरूंपुढे नाही म्हणवेना, दोघांनी शब्द दिला.

मग सराव सुरू झाला आणि गुरूंनी काहीच शिकवलं नाही. रोज सकाळी फरशी पुसायची, खुर्ची टाकून बसायचं, आणि मुलगी आली की एवढंच म्हणायचं, “रोज करतेस ते कर.” शलाका रोज करायची ते करी. पडे, उठे, पुन्हा वेग घेई. गुरू बघत राहत. मधूनच त्यांचे डोळे मिटलेले दिसत. ते चाकांचा आवाज ऐकत होते की डुलकी घेत होते, हे प्रशिक्षकाला कळेना.

पहिला रविवार व्यापाऱ्याने कसाबसा काढला. दुसऱ्या रविवारी तो पिशवी घेऊन रिंकवर हजर झाला.

“पिशवीत काय आहे?” गुरूंनी विचारलं.

“डबा आहे, गुरुजी. पोरीचा.”

“डबा इतका खणखणत नाही.”

व्यापाऱ्याने मुकाट्याने पिशवीतून पाना काढला. “पाया पडतो, गुरुजी. पुढची दोनच फिरवतो. रविवार आला की हाताला चैन पडत नाही.”

गुरूंनी पाना काढून घेतला आणि त्याच्या हातात ओलं पोतं दिलं. “हाताला काम हवं ना? फरशी पुसा.”

गावातल्या पेठेत ज्याच्या गादीपुढे लोक अदबीने उभे राहत, तो माणूस गुडघे टेकून पोतं फिरवू लागला. प्रशिक्षकाला हसू आवरेना. गुरूंनी दुसरं पोतं त्याच्याकडे फेकलं. “तू त्या कोपऱ्यापासून घे.”

कोपरा पुसून झाल्यावर मात्र प्रशिक्षकाचं हसू गेलं होतं. तो घाम पुसत गुरूंसमोर उभा राहिला. “रागावू नका. पण दोन आठवडे गेले. तुम्ही तिला एक अक्षरही सांगितलं नाही. तिकडे बाकीच्या मुली दिवसाला सहा-सहा तास घासतायत. लोक म्हणतात, तुमच्या गुरूंचं आता वय झालं. मी इतकी वर्षं त्यांना खोटं पाडत आलो.”

“अजून एक आठवडा पाड,” गुरू म्हणाले.

तिसरा आठवडा संपला तेव्हा चाचणीला आठ दिवस उरले होते. गुरूंनी तिघांनाही बोलावून घेतलं. शलाकाचे बूट मांडीवर घेऊन त्यांनी एकेक चाक काढलं आणि रिंकच्या पायरीवर ओळीने मांडलं. डाव्या पायाची चार एका ओळीत, उजव्या पायाची चार दुसऱ्या.

“तुम्ही भांड्यातले जाणकार,” ते व्यापाऱ्याला म्हणाले. “बघा जरा.”

तो माणूस पातेल्याच्या बुडावरून अंगठा फिरवून पत्र्याची जाडी सांगणारा होता. त्याने पहिलं चाक उचललं, दुसरं उचललं, आठही झाली. मग पुन्हा पहिल्यापासून. डावी चार चांगलीच झिजली होती. उजवी चार जवळपास कोरी होती. त्यातल्या बाहेरच्या दोन चाकांची तेवढी एक कड विळीवर धरल्यासारखी खाल्ली गेली होती.

“फसवलं दुकानदाराने,” तो म्हणाला. “ही एका पेटीतली नाहीत.”

“पेटी तुमच्यासमोर फोडली होती.”

प्रशिक्षकाने खाली बसून ती कड बोटाने चाचपली आणि त्याचा चेहरा उतरला. “ती उजव्या पायावर उभीच राहत नाही,” तो हळूच म्हणाला. “पाऊल बाहेर कलतं करून टाकते. नडगीची आतली बाजू वाचवतेय.”

“किती दिवस?” व्यापाऱ्याने मुलीला विचारलं.

शलाका फरशीकडे बघत होती. “दिवाळीपासून.”

दिवाळी होऊन साडेतीन महिने झाले होते. व्यापारी पायरीवर बसला. चाक त्याच्या हातातच होतं.

“पण मी सगळं बघत होतो,” तो म्हणाला. “तिचं खाणं, तिची झोप, बुटांची नाडी, सगळं. काळजीत काय कमी केलं मी?”

गुरू म्हणाले, “काही कमी केलं नाहीत. चाकासाठी तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. पण पोरगी एका पायावर जगत होती आणि त्याची खूण फक्त इथे उमटत होती. ती दर रविवारी तुम्ही आठ ठिकाणी वाटून टाकत होतात. आठही चाकं सारखी दिसली की तुमचं समाधान होई. काळजीनेच पुसली जात होती ती खूण.” मग ते शिष्याकडे वळले. “आणि तू. उडी बसेना तेव्हा तू वळणं बदललीस, संगीत बदललंस. जिथे दुखत होतं तिथून तूही तिला अलगद बाजूला नेत होतास. तुला माहीत नव्हतं, पण तू तिच्या दुखऱ्या पायाचंच ऐकत होतास. त्या दिवशी मी हिला एक प्रश्न विचारला. उत्तर तुम्ही दोघांनी दिलंत. हिने त्याच्याखाली नुसती सही केली. पोराला दुखणं लपवायला कुणी शिकवत नाही. आपण त्याच्या न रडण्याचं कौतुक करतो, मग ते बिचारं ते कौतुक मोडत नाही. मीही हे पुष्कळ वर्षं केलंय. म्हणून तर ही खूण ओळखता आली.”

व्यापारी मुलीकडे वळला. “शलू, मला का नाही सांगितलंस? मी काय ओरडलो असतो?”

“नाही बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही चाकं फिरवताना शीळ घालता. एरवी कधीच घालत नाही. आजी गेल्यापासून तर मुळीच नाही.”

व्यापाऱ्याने हातातलं चाक पायरीवर ठेवलं.

“आणि सर,” ती म्हणाली, “तुम्ही छोट्यांना माझ्याकडे बघायला सांगता. ते खरंच बघत असतात हो. मी लंगडले की तेही लंगडून दाखवायचे. मग मी लंगडणं बंद केलं.”

प्रशिक्षकाने मान खाली घातली. थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसा तो म्हणाला, “आठच दिवस आहेत. चार मिनिटांचा तर कार्यक्रम. घट्ट पट्टी बांधून, गोळी घेऊन…” पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. पण बाहेर पडलेले सगळ्यांनी ऐकले होते. आणि खरं सांगायचं तर बापाच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. एवढी वर्षं, एवढे रविवार, आणि पुढच्या वर्षी गटच बदलणार.

गुरू शिष्यावर रागावले नाहीत. “विचार ना तिला,” ते म्हणाले. “जायचं की नाही, तिलाच विचार. पण आता नियम माझा. तिच्याआधी कुणी बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.”

प्रशिक्षकाने विचारलं, “शलाका, चाचणीला जायचं का?”

आणि ते थांबले.

फरशी नुकतीच पुसली होती. ती कडेकडेने वाळत होती आणि मधला ओला भाग हळूहळू लहान होत होता. व्यापाऱ्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. प्रशिक्षक हाताची घडी घालून उभा होता, मग त्याने घडी सोडली, मग हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मुलीने सवयीने आधी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं, फक्त भीती होती. तिने सरांकडे पाहिलं. तिथेही उत्तर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी उत्तर तयार करून दिलं नव्हतं. तिला ते फार जड गेलं. फरशीवरचा ओला डाग ताटाएवढा झाला, वाटीएवढा झाला, तरी ती गप्पच होती. आणि ते दोघेही गप्प राहिले. चाकं फिरवण्यापेक्षा आणि उडी शिकवण्यापेक्षा त्यांना हे अवघड गेलं.

“खूप दुखतं,” शलाका म्हणाली.

कुणी काही बोललं नाही.

“रात्री कूस बदलताना पण दुखतं.” मग तिला रडू फुटलं. दारात बोट सापडलं तेव्हा राहून गेलेलंही त्यात असावं. “मला चाचणीला जायचंय. मला फार जायचंय. पण या पायाने नाही.”

“बरं,” व्यापारी म्हणाला. एवढंच म्हणाला. आणि मुलीच्या पायाशी बसला, पायाला हात न लावता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा नडगीच्या हाडात केसासारखी चीर निघाली. आणखी थोड्या उड्या झाल्या असत्या तर हाड दुभंगलं असतं, असं ते म्हणाले. त्या वर्षीचा संघ शलाकाशिवाय गेला. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय असं ती दोघांनाही सांगत राहिली. ते ऐकत राहिले.

घरात कुणाला “बरं आहे ना?” असं विचारलंत, तर तिथे थोडं बसा. मी माझ्या ताईला दारातूनच विचारलं होतं, आणि ती काही बोलायच्या आत जिना उतरलो होतो.