सावलीच्या मापाचं अंगडं

फार फार वर्षांपूर्वी, ढगांना अजून माणसांच्या घरात यायची मुभा होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका उंच डोंगरावर एक गाव होतं. तिथे ढग खिडकीतून आत येत, चुलीपाशी घटकाभर बसत आणि मागच्या दारानं निघून जात. कुणी त्यांना हाकलत नसे. फक्त जाताना ते वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले करून जात, एवढीच काय ती बायकांची तक्रार.

अशा गावात अंगावर उबदार कपडा हवाच. पण गावात शिंपी नव्हता आणि बाजार दोन दिवसांच्या वाटेवर होता. म्हणून ज्यानं त्यानं आपल्या माणसांसाठी घरीच विणायचं, घरीच शिवायचं. त्यासाठी वेशीजवळच्या दोन जांभळींच्या मध्ये एक लांब दोरी बांधली होती आणि तिच्यावर नमुने टांगलेले असत. जुन्या धोतरांतून कापलेले बंडीचे, परकराचे, कुंचीचे नमुने होते. वीतभर विणून दाखवलेल्या लोकरीच्या वानग्या होत्या. किती टाके घालायचे आणि किती ओळी विणायच्या, ते वानगीला बांधलेल्या सुतळीच्या गाठी मोजून कळे. कुणीही यावं, हवा तो नमुना न्यावा, काम झालं की परत आणून टांगावा. त्यासाठी कुणाला विचारायचं नाही की कुणाला काही द्यायचं नाही.

त्यांतल्या एका जांभळीवर पानं शिवून केलेल्या घरट्यात एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे पक्षीण हो, शेपटी वर करून बसणारी, मुठीत मावेल एवढी. तिची चोच सुईसारखी होती आणि जीभ त्याहून टोकदार.

वर्षातून एक दिवस त्या गावावर इतकं दाट धुकं उतरे, की आपलाच हात आपल्याला दिसत नसे. त्या दिवशी मुलांनी गावामागच्या झऱ्यावर फूल वाहायला जायचं, अशी रीत होती. अंगात घरी विणलेलं नवं अंगडं असायचं आणि त्याचा शेवटचा धागा तोडलेला नसायचा. ज्यानं ते विणलं, त्यानं त्या धाग्याचा गुंडा हातात धरून उंबरठ्यावर बसायचं. मूल चालत जाई तसा गुंडा उलगडत जाई. फूल वाहून झालं, की मूल त्याच धाग्याचा माग घेत घरी परते. मगच धागा तोडायचा. अंगडं तेव्हा पुरं झालं, असं सगळे मानत.

त्या गावात आठ वर्षांची एक मुलगी होती. तिची आई दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. गेल्या धुक्याच्या दिवशी गावातली सगळी मुलं झऱ्यावर गेली, ही मात्र घरात बसून राहिली. "माझा धागा कोण धरणार?" एवढंच ती म्हणाली. तिच्या बापाला मेंढ्यांची लोकर कातरता येई, विणता येत नसे.

यंदा बापानं पठारावरची एक बाई लग्न करून आणली आणि आठव्या दिवशी तो मेंढरांमागे खालच्या रानात निघून गेला. पुरुषांना हे बरं जमतं! बाई भली होती, हाताची हुशार होती. शेजारणीनं तिला गेल्या वर्षीची हकिकत सांगितली. यंदा या पोरीचा धागा आपण धरायचा, असं तिनं मनाशी ठरवलं.

धुक्याच्या दिवसाला महिना उरला होता. बाई दोरीपाशी गेली आणि सगळ्यांत देखणा नमुना तिनं उचलला. दोन सुलट, दोन उलट, आणि मध्ये जाईच्या कळ्यांची वेल.

"ने बाई, फुकटच आहे," शिंपीण वरून म्हणाली. "पण पोरीचं माप घेतलंस का?"

"आठ वर्षांची आहे ती."

"मी वय नाही विचारलं. आमच्याकडे माप हातानं घेतात. मानेपासून कमरेपर्यंत किती विती, खांद्यापासून मनगटापर्यंत किती. घेतलंस?"

बाईनं माप घेतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती मुलीची वेणी घालायला गेली होती, तेव्हा मुलीनं अंग चोरून घेतलं होतं. तेव्हापासून तिला हात लावायचा बाईला धीर होत नव्हता. मुलगी उद्धट नव्हती. पाहुण्याला विचारावं तसं ती रोज विचारी, "तुम्ही जेवलात का?" आणि तेच बाईला जास्त लागे.

मग बाईनं काय केलं? मुलीचं जुनं अंगडं अंगणात वाळत होतं, त्याच्यावर वीत टाकली आणि विणायला बसली. बारा दिवसांत अंगडं झालं. पण जुनं होतं दोन वर्षांपूर्वीचं! नवं मुलीच्या डोक्यातूनच जाईना.

"छान आहे," मुलगी म्हणाली. तिनं घडी घातली आणि ते फडताळात ठेवून दिलं.

बाईनं मग शेजारच्या, त्याच वयाच्या मुलीला बोलावून तिचं माप घेतलं. ती पोर लोण्याच्या गोळ्यासारखी गुबगुबीत. तिच्या मापाच्या अंगड्यात आपल्या मुलीसारख्या दोघी मावल्या असत्या.

"छान आहे," मुलगी पुन्हा म्हणाली, आणि फडताळात एकावर एक दोन घड्या झाल्या.

आता दिवस थोडे राहिले. एका संध्याकाळी मुलगी अंगणात शेळीला पाला घालत होती. उतरत्या उन्हात तिची सावली अंगणभर पडली होती. बाई हळूच खाली बसली आणि तिनं त्या सावलीवर वीत टाकली. मोठ्यांनो, हसू नका. माणसाजवळ जायची भीती वाटली, की आपणही त्याच्या सावलीवरूनच अंदाज बांधत असतो.

सात दिवस बाईनं सुया खाली ठेवल्या नाहीत. तिसरं अंगडं तयार झालं आणि मुलीनं ते अंगात घातलं. ते तिच्या घोट्यांपर्यंत आलं, आणि बाह्या जमिनीवर लोळायला लागल्या. त्याच क्षणी खिडकीतून एक ढग आत आला आणि एका रिकाम्या बाहीत शिरून तिथेच अडकला. बाही टम्म फुगली.

मुलगी हसली. या घरात बाई आल्यापासून पहिल्यांदाच हसली. पण बाईला रडू आलं.

"मला तुझं माप माहीत नाही गं," ती म्हणाली. "मी कधी घेतलंच नाही. मला भीती वाटते."

"कसली?"

"हात लावला, की तू अंग चोरशील याची."

 मुलीनं ते लांबलचक अंगडं काढलं, बाईकडे पाठ केली आणि मानेवरचे केस वर उचलून धरले.

"आई इथून मोजायची," ती म्हणाली.

बाईनं तिच्या मानेखाली अंगठा टेकवला. तिथली कातडी धुक्यानं गार झाली होती. मुलगी शहारली, पण हलली नाही. एक वीत. मग अर्धी. दीड.

"आईच्या हातानंही दीडच भरायची," मुलगी म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "मी तर वाढलेय. म्हणजे तुमचा हात मोठा आहे."

धुक्याच्या दिवसाला चारच दिवस होते. दोघी समोरासमोर बसल्या आणि सावलीचं अंगडं उसवायला लागल्या. मुलीनं दोन्ही हात पुढे धरले, बाई त्यांच्यावर लोकर गुंडाळत गेली. मग विणता विणता मध्येच थांबून बाई माप पाही, कधी खांद्यावर हात ठेवी, कधी मनगट धरी. मुलगी चुळबूळ करी, "गुदगुल्या होतात," म्हणे, पण तिनं अंग चोरलं नाही. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता अंगडं विणून झालं. ते बरोबर बसलं.

पण उसवताना लोकर मध्ये मध्ये तुटून वाया गेली होती, आणि फडताळातली दोन अंगडी उसवायला आता वेळ नव्हता. शेवटचा धागा जेमतेम अंगणाच्या कुंपणापर्यंत पुरेल एवढाच राहिला होता, आणि बाहेर धुकं तर दारापर्यंत आलं होतं. बाई हवालदिल झाली.

मुलगी आत गेली. धान्याच्या कणगीमागून तिनं लोकरीचा एक जुना गुंडा काढून आणला.

"हा आईनं धरला होता तो," ती म्हणाली. "मी लपवून ठेवला होता. जोडा."

बाईनं दोन्ही धाग्यांची टोकं घेतली आणि घट्ट गाठ मारली. मुलीच्या अंगावर नवा धागा, बाईच्या हातात जुना. मुलीनं ओंजळीत फूल घेतलं आणि चार पावलांत ती दिसेनाशी झाली.

उंबरठ्यावर बसलेल्या बाईच्या हातात गुंडा फिरत राहिला. फिरत फिरत तो लहान झाला, आणि थांबला. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग धागा सैल पडला, आणि सगळीकडे पांढरं पांढरं असताना दुरून हाक आली,

"आई, सोडू नकोस गं! मी येतेय!"

आई म्हणाली ती. आणि 'तुम्ही' नाही, 'तू' म्हणाली. बाईनं धागा दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई जाईच्या वेलीचा नमुना परत टांगायला गेली. टांगण्याआधी तिनं त्याच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं एक पंजा शिवला, पाचही बोटं पसरलेला.

"हे कशाला?" शिंपिणीनं विचारलं.

"माझ्यासारखी कुणी आली, तर तिला कळावं म्हणून."

शिंपीण पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. उलट पुढे तिनंच गावातल्या बायकांमागे लागून लागून दोरीवरच्या एकेका नमुन्यावर तसा पंजा शिवून घेतला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं लक्षात ठेवा: नमुना कुणाचाही चालतो, पण माप ज्याचं त्याच्याजवळ जाऊन, हात लावूनच घ्यावं लागतं.