सशासाठी स्थळ

एका गावात एक माळीणबाई राहत होती. झेंडू-शेवंतीचा तिचा मळा होता, पण गावात तिचे नाव फुलांमुळे नव्हते, लग्ने जुळवण्यामुळे होते. कोणाची मुलगी मोठी झाली, कोणाचा मुलगा हाताशी आला, की लोक तिच्या ओट्यावर येऊन बसत. ती दोन-चार प्रश्न विचारी, बोटांवर काहीतरी मोजी आणि म्हणे, "वरच्या आळीला एक घर आहे. उद्या चला." दुसऱ्या दिवशी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत लग्न ठरलेले असे. गावातली अर्धीअधिक जोडपी तिनेच जुळवलेली होती आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

अशा या माळीणबाईला एका सशाने हात टेकायला लावले, त्याची ही गोष्ट.

मळ्याच्या कडेला फळ्यांचे एक खोपटे होते. त्यात तिने सशांची जोडी पाळली होती. मुली सासरी गेल्यापासून मांडीवर घ्यावे असे तेवढेच दोन जीव घरात उरले होते. थंडी सरता सरता त्यातली सशीण आजारी पडली आणि गेली. ससा दोन दिवस तिला शोधत खोपट्यात फिरला. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला, तो बसलाच.

माळीणबाईने गाजराचा कोवळा पाला ठेवला. सशाने दोन पाने कुरतडली आणि सोडून दिली. कोथिंबीर ठेवली, लसूणघास ठेवला, हाताने भरवून पाहिले. त्याने मान फिरवली.

"खा की रे बाबा," ती वैतागून म्हणाली. "माझ्या मुलींनीसुद्धा माझ्याकडून एवढी मनधरणी करून घेतली नाही."

शेवटी तिने वैद्यबुवांना बोलावले. त्यांनी सशाचे पोट चाचपले, दात पाहिले आणि हात धुतले. "अंगात काही दुखणं नाही. ससा काही एकट्यानं राहणारा जीव नव्हे. सोबत मिळाली तर जगेल. असाच खंगत गेला, तर येती पौर्णिमा काही बघायचा नाही."

माळीणबाईच्या जिवात जीव आला. "एवढंच ना? अहो, माणसांची जमवते मी. सशाचं काय घेऊन बसलात."

तिचा नवरा शेजारी खुरप्याला धार लावत होता. तो म्हणाला, "सशाला विचारलंस का, कशी पाहिजे ते?"

"त्याला काय कळतंय? तुम्ही खुरपं बघा."

ती आठवडी बाजारात गेली. एका टोपलीतली काळी-पांढरी, तरतरीत सशीण तिने निवडली. दात पाहिले, कान पाहिले, विकणाऱ्याला घराणेही विचारले. त्याने तिच्याकडे नुसते टक लावून पाहिले. घरी आल्यावर तिने हौसेने खोपट्याच्या दाराशी मूठभर तांदूळ ठेवले आणि नवी सशीण त्यावरून आत सोडली. पाठोपाठ खोपट्यात असा धिंगाणा झाला की फळ्या हादरल्या. ससा तिच्या अंगावर धावून गेला होता. बाहेर काढली तेव्हा ती थरथर कापत होती आणि माळीणबाईच्या लुगड्यावर मूठभर केस पडले होते. शेजारच्या मुलांनी ती हौसेने पाळायला नेली.

"घरंदाज नव्हती," माळीणबाई म्हणाली. "बाजारातली ती बाजारातली."

मग तिने थेट पाटलांचा वाडा गाठला. पाटलीणबाईंकडे दुधासारखी शुभ्र सशीण होती. गळ्यात घुंगरू, बसायला मखमलीची गादी.

"आमची लाडात वाढलेली आहे हो," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मळ्यात रुळेल का?"

"माझ्या शब्दावर द्या. आजवर माझी एक तरी जोडी मोडली आहे का?"

हे बोलणे चार बायकांसमोर झाले. माळीणबाई शुभ्र सशीण मिरवत घरी घेऊन आली. या वेळी तिने आधी दोघांनाही नीट समजावले. सशाला सांगितले, शहाण्यासारखा वाग, मोठ्या घरची आहे. सशिणीला सांगितले, "घर त्याचं आहे, तू नवी आलीस. चार दिवस अंग चोरून राहा. मग रुळशील." गावातल्या प्रत्येक नव्या नवरीला ती हेच सांगत आली होती, आणि सगळ्याजणी रुळल्या होत्या, निदान तसे तिला वाटत होते.

ससा सशिणीवर गुरगुरला. सशीण दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत दोघांची तोंडे दोन भिंतींकडे होती आणि मधे गाजराचा पाला वाळत पडला होता.

नवऱ्याने आत डोकावून पाहिले. "जमली की जोडी. दोघंही जेवत नाहीत."

माळीणबाईने त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने पाणी द्यायला मळ्यात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती सशाला टोपलीत घालून वैद्यबुवांकडे निघाली. मनातून तिचा राग वैद्यबुवांवरच होता. सोबत आणा म्हणाले, आणली. आता हा खात नाही तर त्यांनीच बघावे. ऊन चढले होते. गावाच्या टोकाला कुंभाराचे घर होते, तिथे ती पाणी प्यायला थांबली. टोपली कडुनिंबाखाली ठेवून आत गेली आणि म्हाताऱ्या कुंभारीण मावशींनी दिलेला तांब्या रिकामा करून बाहेर आली, तर टोपली आडवी पडलेली.

ससा मातीच्या ढिगामागे होता. त्याच्यासमोर एक म्हातारी सशीण बसली होती. रंग मातीचा, पाठीवरचे केस विरळ, एक कान फाटका. तिने सशाकडे पाहिले, पुन्हा हरळी खायला लागली. ससा थोडा पुढे सरकला. म्हातारीने त्याला थोडा वेळ तसेच बसू दिले. मग तिने त्याचे कपाळ दोनदा चाटले. सशाने डोळे मिटले. आणि जरा वेळाने त्याने हरळीची एक काडी ओढली आणि खाल्ली. मग दुसरी. मग तो खातच सुटला.

माळीणबाईला रडूच आले. पण तेवढ्यात तिचे लक्ष त्या फाटक्या कानाकडे गेले.

"ही कोण, मावशी?"

"आमची म्हातारी. कुत्र्यानं कान फाडला. हिचाही जोडीदार गेला गेल्या वर्षी."

माळीणबाईच्या डोळ्यांसमोर सगळे गाव उभे राहिले. पाटलांच्या घरची नाकारून कुंभाराच्या ढिगावरची आणली म्हणतील. वर तरणा आणि वधू आजी म्हणतील. शिवाय पाटलीणबाईंना दिलेला शब्द. तिने सशाला उचलले.

"चल घरी. इथली हवा चांगली आहे, म्हणून खाल्लंस."

घरी येताच ससा कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने पानाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तोवर माळीणबाईची सहनशक्ती संपली होती. तिने शुभ्र सशिणीला धरून त्याच्या अगदी जवळ बसवले. "बस इथे. एकदा शेजारी बसाल तर कळेल." सशाने सशिणीच्या कानाला कडाडून चावा घेतला.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली होती. सशाच्या पाठीची हाडे हाताला लागत होती. माळीणबाई खोपट्यासमोर मातीत बसली.

"त्यानं त्या म्हातारीजवळ गवत खाल्लं, हे तूच सांगितलंस मला," नवरा म्हणाला.

"मग मी पाटलीणबाईंना तोंड कसं दाखवू?"

"ते तुझं तू बघ. पण खोपट्यात तू राहणार नाहीस, तो राहणार आहे."

माळीणबाईने खोपट्यात पाहिले. समोर शुभ्र सशीण अंग चोरून बसली होती. अगदी सांगितल्यासारखी. कानावर रक्त सुकले होते. माळीणबाईला एकदम आठवले, आपण या घरात नव्या आलो तेव्हा कितीतरी दिवस ताटावर बसून घास गिळत नव्हता, आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, रुळेल. आपण रुळलो. पण त्या दिवसांत आपल्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि पुढे आपणही कधी कोणाला विचारले नाही.

ती उठली. शुभ्र सशिणीच्या कानाला हळद लावली आणि तिला घेऊन वाड्यावर गेली. नेमक्या त्याच चार बायका तिथे बसलेल्या.

"आमच्या सशिणीत काय खोट निघाली?" पाटलीणबाईंनी विचारले.

"तिच्यात काही नाही. चूक माझी. मी तुमचा वाडा पाहिला, सशाकडे पाहिलंच नाही. तिलाही फुकट त्रास झाला."

"मग आता कुठे जमवताय?"

"कुंभारीण मावशींच्या म्हातारीशी."

बायकांनी पदर तोंडाला लावले. एकजण म्हणाली, "माळीणबाई, मांडव चिखलात घालणार का?"

माळीणबाई तशीच घरी आली आणि सशाची टोपली घेऊन तिने कुंभाराचे घर गाठले. आता तरी सगळे झटपट होईल असे तिला वाटले होते. पण कुंभारीण मावशी चाकावरून हात न काढता म्हणाल्या, "देणारी मी कोण? तुझ्या सशाला ती आवडली, ते दिसलं. तिचं काय?"

"अहो, तिनं चाटलं की त्याला."

"दया आली असेल. जन्माची सोबत म्हणजे निराळं."

"मावशी, मी वरपक्षाची आहे."

"असशील," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी याला घेऊन ये. पलीकडे गायरान आहे. ते याचंही घर नाही, हिचंही नाही. तिथं दोघांना सोडू, आणि तू गप्प बस."

गप्प बसणे माळीणबाईला जन्मात जमले नव्हते. पहिल्या दिवशी म्हातारीने सशाकडे पाठ फिरवली आणि खुशाल चरत राहिली. ससा जवळ बसून थोडे गवत खायचा, एवढाच काय तो दिलासा. तिला जरा पुढे ढकलावे म्हणून माळीणबाई वाकली.

"हात मागे," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारी सशाशेजारी येऊन बसली. ससा तिच्यासमोरच्या गवताला तोंड लावायला गेला, तर तिने त्याला पंजा मारला.

"बघा. बिघडलं सगळं," माळीणबाई म्हणाली.

"तू नवऱ्याला कधी ओरडत नाहीस?"

"रोज ओरडते."

"मग बस."

तिसऱ्या दिवशी काहीच झाले नाही. म्हातारी दूर उन्हात डोळे मिटून पडून राहिली. गवतावर बसून माळीणबाईच्या पायांना मुंग्या आल्या. मळ्यात फुले तोडायची राहिली होती. तासाभरात लग्न ठरवणारी बाई एका फाटक्या कानाच्या सशिणीच्या होकारासाठी तीन दिवस ताटकळत होती. ऊन डोक्यावर आले, तशी ती उठली. सशाला तिने टोपलीत घातले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"नसेल तिच्या मनात तर नसेल, मावशी," ती म्हणाली. "बळजबरी नको. याला मी रोज इथे चरायला आणीन. जगला तर जगला."

असे वाक्य तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघाले होते. ती जड पावलांनी चालू लागली. पायवाटेच्या वळणावर पोहोचली, तोच मागून मावशींची हाक आली, "माळीणबाई, थांब जरा. मागे बघ."

म्हातारी सशीण पायवाटेने येत होती. दोन उड्या मारायची, थांबून गवताची काडी खायची, पुन्हा दोन उड्या मारायची. कशाची म्हणून घाई नाही. माळीणबाईने टोपली खाली ठेवली आणि ती बाजूला झाली. म्हातारीने टोपलीभोवती एक फेरी मारली, काठ कुरतडून पाहिला, माळीणबाईकडे एकदा बघितले आणि मग आत उतरून सशाला टेकून बसली.

"आता ने," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. "अधूनमधून आणत जा तिला भेटायला. मला करमायचं नाही."

मळ्यात नवऱ्याने, जागा दोघांनाही सारखीच नवी वाटावी म्हणून, खोपटे उचलून पलीकडच्या आंब्याखाली नेले होते, घासून धुतले होते आणि नवा कडबा पसरला होता. टोपलीतून उतरून दोघे एकदमच आत गेले. पौर्णिमेच्या दिवशी वैद्यबुवा पाहायला आले, तेव्हा ससा आणि म्हातारी एकाच पानाची दोन टोके खात होते. त्याआधी त्यांनी कुंपणाखालून जाऊन शेवंतीची आख्खी ओळ फस्त केली होती. माळीणबाईने त्यांना भरपूर शिव्या घातल्या आणि दुपारी आणखी पाला आणून टाकला.

माळीणबाई लग्ने अजूनही जुळवते, पण आता वेळ लागतो. मुलीला विचारते, मुलाला विचारते, दोघांना मळ्यात बसवते आणि स्वतः लांब जाऊन फुले तोडते. लोक कंटाळतात. पोहे गार होतात. "अहो माळीणबाई, आटपा की, मुलीला काय विचारायचंय, रुळेल ती," असे कोणी म्हणालेच, तर ती फुलांतून मान वर न करता म्हणते, "मी सशासाठी तीन दिवस बसले. तुमच्या लेकीसाठी तुम्ही एक दिवस बसा."

तात्पर्य: कोणासाठी सोबत शोधताना आपली आवड आणि आपला मान बाजूला ठेवावा, आणि ज्यांना एकत्र राहायचे आहे त्या दोघांच्याही होकाराची धीराने वाट पाहावी.