आठवा स्विच

“पण सातही एकदम कसे विसरले, महाराज?”

शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं. केशवगिरी महाराज एकेक स्विचचा दिवा निरखत होते.

काळडोंगरीच्या मठाचा दवाखाना, शाळा, ग्रंथालय, सगळ्यांच्या फोन-संगणकांच्या तारा या एका खोलीत येत. इथे सात स्विच, म्हणजे तारा एकमेकींना जोडून देणाऱ्या पेट्या, एकावर एक रचलेले. आपसात असे जोडलेले की बाहेरच्याला ते सात नव्हेत, एकच. त्यांच्यात एक म्होरक्या, बाकीचे सहा त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. कुठल्या तारेनं कुणाशी बोलायचं, हे महाराजांनी अकरा वर्षं बसून त्यांना शिकवलं होतं. संन्यासाआधी ते टेलिफोन खात्यात होते.

शार्दूल पुण्याची मोठी नोकरी सोडून शिष्य म्हणून आलेला. हुशारी नुसती उतू जात होती. उद्या या खोलीची किल्ली त्याच्या हाती यायची होती, पण या साहेबांना एक दिवस दम निघेना. सकाळीच त्यानं नवाकोरा आठवा स्विच आणून जोडला.

दुपारी दवाखान्यातली नर्स धावत आली. फोन मुके झाले होते. एक बाई बाळंतपणात अडली होती, आणि पायथ्याच्या डॉक्टरांना विचारायची सोय उरली नव्हती. डोंगरावर मोबाइलला रेंज नाही.

“जीपमध्ये घाला. खाली न्या,” महाराज म्हणाले. घाट दोन तासांचा होता.

नर्स गेली. मग त्यांनी शार्दूलकडे पाहिलं.

“आठवा जोडलास तेव्हा तो चालू होता?”

“हो.”

“आणि त्याचा क्रम?”

“सगळ्यांच्या वरचा दिला. नवा आहे, ताकदीचा आहे… म्हटलं, यानंच म्होरक्या व्हावं.”

“त्याला येत काय होतं?”

“…काहीच नाही.”

“मग तेच शिकले सगळे.”

शार्दूल आठव्याच्या हिरव्या दिव्याकडे पाहू लागला.

“सातांना येत होतं त्याची प्रत काढून ठेवलीस?”

“पाच मिनिटांचं काम वाटलं… नाही ठेवली. पण तुमच्या डोक्यात असेल ना सगळं? तुम्ही पुन्हा शिकवाल ना त्यांना?”

महाराजांनी त्या रचलेल्या स्विचांवर हात ठेवला.

“यांच्यावर सोपवलं आणि मी विसरलो रे.”

मग ते उठले. आठव्याची केबल सोडवली, वीज काढली. त्याचा हिरवा दिवा विझला. तसाच, बंद असताना, तो त्यांनी पुन्हा सातांना जोडला, आणि मग वीज दिली.

दिवा लागला. आठवा निमूटपणे सातांच्या मागे जाऊन उभा राहिला.

सकाळी एवढंच करायचं होतं. बंद असताना जोडला असता, तर म्होरक्या जुनाच राहिला असता आणि सातांना येत होतं ते सगळं तो गुमान शिकला असता. आता सातांपाशी शिकवायला काही नव्हतं. आठही दिवे छान हिरवे होते आणि आठही कोरे होते.

घाटातून जीपचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तोही येईना.

शार्दूल रडू लागला.

“मी काय करू, महाराज?”

महाराजांनी खुंटीवरची किल्ली काढून आपल्या कमरेला खोचली.

“जा… तूही विझलास की ये.”