अंकुशची घडीची सायकल

लिहिणाऱ्याची शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

"आता हिला अजून काय लावू, बाबा?"

दावलबाबांनी सायकलकडे पाहिलं. मग अंकुशकडे पाहिलं. मग पुन्हा हातातली वात वळायला लागले.

गावाबाहेर चिंचेखाली एका पिराची कबर आहे. तिची दिवाबत्ती करणारा हा म्हातारा फकीर. कारखान्यात कामाला असलेला अंकुश सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्याच्याकडे येऊन बसायचा. दुसऱ्या कुणाकडे जाणार? पत्र्याच्या खोलीत तो एकटाच राहायचा. झोपताना सायकल आत घ्यायचा. खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं.

सायकल घडीची होती. मधोमध बिजागरी. ती उघडली की पुढचं चाक मागच्या चाकाला येऊन टेकतं, आणि सायकल बॅगेसारखी उचलता येते. त्यानं ती घेतली होती एकाच कारणासाठी. एसटी फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून त्याच्या घरच्या वस्तीपर्यंत नुसता माळ. वाहन मिळत नाही.

वस्तीवर थोरला भाऊ होता. आईच्या तेराव्याला तो म्हणाला होता, "पाहुण्यासारखा आलास, पाहुण्यासारखा जा."

अंकुश गेला. तो अजून गेलेलाच होता.

"काय काय लावलंयस, सांग तरी," बाबा म्हणाले.

अंकुश एरवी चार शब्द बोलायचा नाही. सायकलचा विषय निघाला की मात्र थांबायचा नाही.

"पुढं टोपली, मागं कॅरियर. पुढं पांढरा दिवा, मागं लाल. हा आरसा. चाकं लहान आहेत, हवा जरा कमी झाली तरी जड जाते, म्हणून पंप सोबतच. सीटच्या दांड्यावर रंगानं खूण केलीय, म्हणजे दरवेळी उंची शोधत बसायला नको. बिजागरीची खिटी ओढून बघितल्याशिवाय वर बसायचं नाही. कुलपाची साखळी मधल्या दांड्याला गुंडाळून ठेवायची. आणि एसटीत न्यायची तर पिशवीत घालून, म्हणजे कुणाच्या कपड्यांना ग्रीस लागत नाही. लोकांना हे कळत नाही, बाबा. घेतात नुसती."

"लोकांना काय कळणार," बाबा म्हणाले. "आणि वस्तीवर कधी?"

"मडगार्डला लांब रबर लावलं की निघालोच. माळावर चिखल असतो."

"मागल्या खेपेला म्हणालास, आरसा लावला की."

"आरसा लागतोच, बाबा."

"त्या माळावर मागनं कोण येणार आहे रे तुझ्या?"

अंकुश बाहीनं आरसा पुसायला लागला.

"घडी घाल बघू," बाबा म्हणाले.

"आत्ता?"

"तिला घडीची घडीची म्हणतोस. मी अजून बघितली नाही."

अंकुश वाकला. साखळी बिजागरीवरच गुंडाळलेली होती. ती सोडली. मग टोपली आडवी आली. ती काढली. आरसा दांड्याला अडला. पंपाची पट्टी, मागचं कॅरियर... एकेक वस्तू काढून तो कबरीच्या पायरीवर ठेवत गेला. नवस फेडायला आल्यासारखी रांग लागली.

आता नुसती सायकल उरली. त्यानं खिटी ओढली.

खिटी हलली नाही.

त्यानं पुन्हा ओढली. बोटांना तांबडा गंज लागला.

"तेल नाही तुझ्याकडं?"

"आहे ना. खास बिजागरीचं." त्यानं पिशवी उपसली. बाटली निघाली. तिचं सील तसंच होतं.

बाबा बाटलीकडे बघत राहिले.

मग गुडघ्यावर हात देऊन उठले. कबरीच्या उशाशी दिवा तेवत होता. तो उचलला, आणि त्यातलं तेल बिजागरीवर ओतलं.

"बाबा, ते तेल तिला चालत नाही..."

दिवा विझला.

दिवस बुडाला होता. चिंचेखाली आता एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. लांब रस्त्यावरून एक एसटी गेली, तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला...

"पिराचा दिवा गेला, बाबा."

"पीर इथलाच आहे. त्याला अंधारात कुठं जायचंय?"

अंकुशनं चाचपडत खिटी धरली. हळू ओढली. कुरकुरली, थांबली, मग एकदम सुटली. पुढचं चाक वळून मागच्या चाकाला टेकलं.

त्यानं सायकल उचलून मांडीवर घेतली. एवढीशी झाली होती.

"हे सगळं सामान?" त्यानं पायरीकडे हात केला.

"राहू दे. पीर बघेल त्याचं."

अंकुशनं मांडीवरची सायकल जवळ ओढली.

"दादानं दार उघडलं नाही तर?"

बाबा पुन्हा वात वळत असावेत. अंधारात नुसता हाताला हात घासल्याचा आवाज येत होता.

"तर तू पण अशीच घडी घाल, आणि दाराशी बस. जागा ती किती लागते बेटा तुला..."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश पहिल्या एसटीत चढला. बोटांना अजून दिव्याच्या तेलाचा वास होता. मागच्या सीटवर सायकल मांडीवर घेऊन बसला, तसा कंडक्टर म्हणाला, "काय रे, पोराचं पण तिकीट काढायचं का?"

अंकुशनं एकच मागितलं. फाट्याचं.