वाटीभर विरजण

एकदा एका व्यापाऱ्याला स्वतःच्याच दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावे लागले. पायऱ्या होत्या अवघ्या सात. पाचवीवर त्याने खांबाला हात टेकला आणि श्वास सावरला. कुणी पाहिले नाही, असे त्याला वाटले; पण त्याची सहा वर्षांची धाकटी मुलगी वर उंबऱ्यात उभी होती.

"बाबा, आजोबा इथेच बसले होते ना?" तिने विचारले. "आजी सांगते."

व्यापारी उरलेल्या दोन पायऱ्या चढून गेला. त्याचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी, भर दुपारी, जरा दम खातो म्हणून याच पायरीवर टेकले होते आणि पुन्हा उठले नव्हते. त्या दिवशी तो अठरा वर्षांचा होता. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि धाकटीला अठरा व्हायला बारा वर्षे बाकी होती.

तो वैद्यांकडे गेला. वैद्यांनी नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि औषध दिले नाही. "शेठ, बसून बसून तुमच्या छातीला गंज चढलाय," ते म्हणाले. "रोज पहाटे धावा. सुरुवातीला थोडं, मग थोडं जास्त. तळ्याच्या बांधापर्यंत अर्धा कोस आहे, तेवढं पुरे. पण रोज."

व्यापारी आळशी नव्हता. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान, थोरल्या मुलाचा अभ्यास, आईच्या गुडघ्यांना तेल, पाहुणे, सण, लग्नकार्ये हे सगळे तो निभावून नेत होता. त्याने मुहूर्त पाहून धावायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी बांधापर्यंत जाऊन परत आला. मग तीन दिवस त्याला अंथरुणावरून उठवेना. पुढच्या महिन्यात पुन्हा सुरुवात केली. नवव्या दिवशी धाकटीला ताप आला, आणि ताप उतरला तरी धावणे परत आले नाही. तिसऱ्या वेळी त्याला लोकांनी थांबवले. भल्या पहाटे प्रतिष्ठित माणूस धोतर खोचून पळताना दिसला की नगरात एकच अर्थ निघे.

"शेठ, दुकान फोडलं की काय?"

"घरी सगळं ठीक ना?"

"कुत्रं मागे लागलंय का हो? थांबा, काठी आणतो!"

चौथ्यांदा सुरुवात करण्याआधी तो आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला. गुरुजी नगराच्या वेशीबाहेर, तळ्याच्या बांधावर एकटे राहत. लहानपणी त्याने त्यांच्याच पाठशाळेत अक्षरे गिरवली होती. सकाळची वेळ होती. गुरुजी ओसरीवर दुधाचे भांडे पुढ्यात घेऊन, त्याला तळहात लावून बसले होते.

व्यापाऱ्याने सर्व हकिकत सांगितली. "उपाय मला ठाऊक आहे, गुरुजी. ठाऊक असून उपयोग होत नाही. मला असं काही सांगा, की मन रोज सकाळी पेटून उठेल."

"ते राहू दे," गुरुजी म्हणाले. "माझं दही लागत नाही."

"काय?"

"दही. तुझ्या घरचं उत्तम लागतं असं ऐकलंय. रोज पहाटे मला वाटीभर विरजण आणून देत जा. गवळी उजाडताना दूध घालतो, मी तापवतो. ते कोमट व्हायच्या आत विरजण आलं पाहिजे. दूध गार झालं की दही लागत नाही, आणि संध्याकाळी मला दहीभाताशिवाय काही पचत नाही."

"रोज?"

"मी रोज जेवतो."

"नोकराबरोबर पाठवतो."

"माझ्या पाठशाळेत तू शिकलास की तुझा नोकर?"

उपदेश घ्यायला गेलेला माणूस काम अंगावर घेऊन परत आला. घरी त्याने बायकोला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले.

"वाटीभर विरजण? आणि रोज?"

"त्यांचं दही लागत नाही."

काहीतरी ओठांवर आले होते, ते तिने गिळले. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली.

दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा कल्हई केलेली, झाकणाची पितळी वाटी उंबऱ्यावर तयार होती. तो निघाला. वेशीपर्यंत चालला, मग पूर्वेकडे उजळू लागलेले दिसले, दुधाची आठवण झाली आणि तो धावू लागला. मग हे रोजचेच झाले; धाप लागली की चाले, आकाश पाही, पुन्हा धावे. गुरुजी ओसरीवर भांड्याला हात लावून बसलेले असत. "उशीर केलास," ते म्हणत, "पण जमेल." एवढेच बोलणे.

लोकांनी पुन्हा विचारले. "शेठ, वाटीत काय?"

"विरजण. गुरुजींना. दूध निवतंय त्यांचं."

"मग थांबता कशाला? पळा, पळा!"

आता कुणी हसत नव्हते. हातात वाटी असलेला माणूस धावला तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

थंडी पडली. एकदा थोरल्याच्या पायाला काच लागली, तेव्हा अर्धी रात्र जागरणात गेली. सकाळी व्यापाऱ्याचे डोळे उघडत नव्हते. तरी म्हातारा भांड्याला हात लावून बसला असेल हे चित्र डोळ्यांपुढून जाईना, आणि तो उठला. त्या दिवशी तो जवळजवळ सगळा रस्ता चालतच गेला. गुरुजी म्हणाले, "गार झालंय. पण घालून बघू." दुसऱ्या दिवशी तो धावत गेला.

असे साठ दिवस गेले. मग अमावास्या आली. दुकान बंद होते. व्यापारी कधी नव्हे तो दुपारी स्वयंपाकघरात पाटावर टेकला. बायको पाने वाढत होती. दही वाढण्याआधी तिने दह्याच्या मडक्यातून एक चमचा दही काढले, छोट्या भांड्यात घातले आणि फळीवर झाकून ठेवले.

"हे कुणासाठी?"

"उद्याच्या दह्यासाठी. विरजण."

"म्हणजे रोज काढून ठेवतेस?"

"मग काय, रोज कुणाच्या दारात मागायला जाऊ? आजच्यातलं चमचाभर ठेवलं की उद्याचं लागतं. उद्याच्यातलं ठेवलं की परवाचं."

व्यापाऱ्याचा हात पानावरच थांबला. धाकटीने आधी बापाकडे, मग आईकडे पाहिले, आणि तिला हसू आवरेना. "आई, बाबांना माहीतच नव्हतं!"

"मग गुरुजींना रोज..."

"एकदा नेऊन दिलंत, तेवढं पुरे होतं," बायको म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दही लावणाऱ्या कुणालाही विचारा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गेला असतात?" तिने भात वाढला. "खरं म्हणजे मला गुरुजींचाच राग आला होता. म्हाताऱ्या माणसांना साधी गोष्ट सरळ सांगायला काय होतं कुणास ठाऊक. पण तुम्ही जात होतात, म्हणून गप्प बसले."

व्यापाऱ्याला रात्रभर संताप आवरेना. साठ पहाटे! पहाट होताच तो निघाला. वाटी घेतली नाही. गुरुजींना काय काय बोलायचे ते जुळवत तो गेला, आणि ओसरीपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ त्यातले बरेच काही तयार होते.

"तुम्ही मला फसवलंत."

"हो," गुरुजी म्हणाले. "बस."

"तुम्हाला विरजणाची गरजच नव्हती."

"नव्हती."

"मग साठ वाट्यांचं केलंत काय?"

"कढी." गुरुजींनी सुस्कारा सोडला. "साठ दिवस कढी खातोय. आता या घरात कढीचं नाव काढू नकोस."

व्यापाऱ्याला हसायचे नव्हते, तरी तो हसला आणि मग ओसरीच्या कडेवर बसला.

"आज वाटी नव्हती," गुरुजी म्हणाले. "चालत आलास की धावत?"

व्यापाऱ्याने मागे वळून बांधाकडे पाहिले. तो वेशीपासून एकदाही थांबला नव्हता. त्याचा श्वास जोरात चालला होता, पण बोलण्याइतका श्वास शिल्लक होता. भांडण्याइतकाही होता.

गुरुजी म्हणाले, "तू मन पेटवायला सांगत होतास. पेटलेलं मन घेऊन तू तीनदा निघालास, आणि प्रत्येक वेळी मडकं चाटूनपुसून रिकामं केलंस. दुसऱ्या दिवशी लावायला चमचाभर उरलं नाही, म्हणून महिनाभर हळहळत बसलास. घरात विरजण संपलं तर बाई रडत बसते का? शेजारी जाते, मागून आणते. तुला ते जमेना, म्हणून रोज माझ्याकडचं दूध मध्ये ठेवलं. स्वतःच्या छातीसाठी धावायला तुला लाज वाटत होती. म्हाताऱ्याच्या दह्यासाठी वाटली नाही. आता तुझ्या घरी रोजच्यापुरतं विरजण आहे. उद्यापासून वाटी नको."

व्यापारी पाया पडला आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने धावला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुकानात मोठा माल उतरायचा होता, म्हणून तो गेला नाही. पाचव्या दिवशी माल उतरून झाला होता, तरी गेला नाही. सहाव्या दिवशी तो जागा होता, आणि पांघरुणात पडून गुरुजींच्या वचनाचे चिंतन करत होता.

बायको चुलीपाशी दूध तापवत होती. "उठायचं नाही का?"

तो उठून आत आला आणि पाटावर बसला. "तिथे आता कुणी वाट बघत नाही," तो म्हणाला. मग त्याने तिला गुरुजींचे सगळे बोलणे सांगितले. ते मडके, तो चमचा, ते शेजारी जाणे. "केवढी मोठी गोष्ट किती साध्या शब्दांत सांगितली त्यांनी," तो म्हणाला.

"छान सांगितली," बायको म्हणाली. तिने दूध उतरवले. "फक्त एक विचारू? साठ दिवस ती वाटी उंबऱ्यावर कोण ठेवत होतं?"

"तू."

"तुम्ही उठायच्या आधी उठून. गुरुजींच्या बोलण्यात ते कुठे आलं नाही." तिचा आवाज चढला नाही. "आणि दुसरं. विहिरीवरून घागर आणताना मी कितीदा थांबते, ठाऊक आहे? तीनदा. गेल्या वर्षी एकदा थांबत होते. मीसुद्धा चाळिशीची झाले. दोन मुलं माझीही आहेत. पण वैद्यांना माझी नाडी कुणी दाखवली नाही आणि माझ्याकडे विरजण मागायला कुठले गुरुजी आले नाहीत."

चुलीत लाकूड सरकले. आतल्या खोलीत धाकटीने झोपेत कूस बदलली.

"हे दूध उकळलंय," बायको म्हणाली. तिने पदर खोचला. "तुम्ही इथे बसा. भांड्याला हात लावून बघत राहा. कोमट व्हायच्या आत मी बांधाला हात लावून येते."

"तू? एकटी? लोक काय म्हणतील?"

तिने फळीवरची पितळी वाटी उचलली आणि झाकण लावले. वाटी रिकामी होती. "विचारलं तर सांगेन, गुरुजींचं दूध निवतंय," ती म्हणाली आणि गेली.

व्यापारी बसून राहिला. त्याने भांड्याला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. इतक्या वर्षांत या घरात रोज कुणीतरी असे बसत आले होते, आणि तो रोज दही खात आला होता. त्याचे लक्ष कधी भांड्याकडे, कधी दाराकडे जात होते. दूध गार होऊ नये, आणि ती वेळेत यावी, एवढेच त्याला वाटत होते. साठ दिवस बांधावरच्या म्हाताऱ्यालाही कदाचित एवढेच वाटत असेल.

भांडे हाताला सोसेल इतके झाले, तेव्हा दारात पावले वाजली. ती खांबाला धरून उभी राहिली. कपाळावरचे कुंकू घामाने पसरले होते.

"बांधापर्यंत नाही पोचले. वेशीच्या थोडं पुढे," ती धापा टाकत म्हणाली. "दूध?"

"कोमट आहे."

"मग विरजण घाला."

"किती?"

"चमचाभर. ढवळा. झाका. आणि जा आता, उजाडलं. मुलं उठायच्या आत परत या."

त्याने विरजण घातले, ढवळले, झाकले आणि तो निघाला. परत येईल तेव्हा दारात कुणीतरी वाट बघत असेल, हे त्याला जाताना ठाऊक होते.

संध्याकाळी दही लागले होते; जरा पातळ, पण लागले होते. धाकटीने ताट पुढे केले. "बाबा, वाढा ना."

"थांब," व्यापारी म्हणाला. त्याने आधी एक चमचा दही काढले, छोट्या भांड्यात घातले, फळीवर झाकून ठेवले आणि मग वाढायला घेतले.