अकरावे अंडे

एका राज्यात, जिथे नद्यांना नावे होती पण राज्याला नव्हते, प्रसेनकेतू नावाचा राजा होता. त्याने सात युद्धे जिंकली, आणि सातव्या युद्धानंतर एक विजयस्तंभ उभारावयास घेतला. स्तंभाच्या अंगावर चंद्राचे प्रतिबिंब पडावे, अशी राजाची इच्छा होती.

शिल्पी म्हणाले, "महाराज, तशी झळाळी हवी तर चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक खलावा लागेल."

"किती अंडी?"

"राज्यातल्या कोंबड्या देतील तितकी."

राजाने आज्ञा केली, की राज्यातले प्रत्येक अंडे स्तंभाकडे यावे आणि कोणतीही कोंबडी उबवणीला बसू नये.

आता, कोंबडीचा धर्म असा आहे. काही काळ अंडी दिल्यावर ती खुडूक होते. अंग फुलवून एका जागी बसते, दाणा विसरते, जवळ येणाऱ्या हातावर चोच उगारते. त्या दिवसांत ती नवे अंडे देत नाही, दिलेले जपते. राजाला हे जपणे नको होते. म्हणून खुडूक कोंबडीच्या नाकपुडीतून पीस ओवावे, तिला थंड पाण्यात बुडवावे, म्हणजे तिच्या अंगातली ऊब विझते आणि ती पुन्हा अंडी देऊ लागते, हा उपाय घरोघरी सुरू झाला.

राजवाड्यातल्या कोंबड्या येसाई नावाची वृद्धा सांभाळीत असे. तिने कित्येक कोंबड्या पाण्यात बुडवल्या. पण काजळी नावाची काळी कोंबडी खुडूक झाली, तेव्हा दोनदा बुडवूनही ती पुन्हा रिकाम्या टोपलीत जाऊन बसली, आणि तिसऱ्यांदा येसाईचे हात उचलेनात.

"हिला राहू द्यावे, महाराज," ती म्हणाली. "एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

"एकवीस दिवसांत माझे सैन्य दोन राज्ये ओलांडते," राजा म्हणाला, आणि त्याने स्वतः काजळीला धरून पाण्यात बुडवले.

काजळी पाण्याबाहेर आली आणि मनुष्यवाणीने बोलली. "राजा, तू माझ्या पोटाखालची ऊब विझवलीस. यापुढे तुझ्या राज्यात जन्मणाऱ्या बाळाला आईच्या कुशीत ऊब मिळणार नाही." एवढे बोलून ती तटावरून उडाली आणि पूर्वेच्या अरण्यात नाहीशी झाली.

त्या वर्षी राज्यात अकरा बाळे जन्मली. दहा नगरात आणि अकरावी राजवाड्यात, राणी ऊर्मिकेच्या पोटी. अकराही बाळांचे डोळे मिटलेले, अंग नदीतल्या गोट्यासारखे गार. ती रडत नव्हती, दूध पीत नव्हती, वाढत नव्हती. छातीवर तळहात ठेवला तर श्वास कळे, एवढेच. राणीने मुलीला कांबळ्यात गुंडाळले, शेगडीजवळ धरले, स्वतःच्या उघड्या छातीशी लावले. कोणतीही ऊब मुलीच्या अंगात शिरेना.

चाळिसाव्या दिवशी राणीच्या गवाक्षात एक भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणी, शाप जिच्या मुखातून निघाला, उःशाप तिच्याच पोटाखाली आहे. पूर्वेस जा. पावलाला वाहन लावू नकोस."

राणी येसाईला घेऊन पायी निघाली. अरण्यात करवंदीच्या जाळीखाली काजळी बसलेली होती. तिचा तुरा फिका पडला होता, छातीवरची पिसे झडली होती. तिच्या पोटाखाली अकरा दगड होते.

"काजळे," येसाई म्हणाली, "अगं, दगडांवर काय बसलीस? दगड कधी उबतात का?"

"राजांची मने उबवण्यापेक्षा हे सोपे," काजळी म्हणाली. "आणि तू बोलू नकोस, येसाई. तुझ्या हातांचा थंडावा माझ्या अंगात अजून आहे."

येसाईने मान खाली घातली. राणीने भूमीवर गुडघे टेकले.

"मी क्षमा मागायला आले नाही," ती म्हणाली. "क्षमा ज्याने मागायची तो घरी आहे. मी माझ्या मुलीसाठी आले आहे. काय करू ते सांग."

काजळीने तिच्याकडे प्रथम एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्या डोळ्याने. "तीन गोष्टी. घर, दाणा आणि धीर. ज्या स्तंभासाठी माझी अंडी फुटली, त्याच्या पायातल्या चिऱ्यावर तुझ्या हातांनी बांधलेले घर. शाप ज्या घरांत आहे, त्या प्रत्येक घरातला मूठभर दाणा. आणि तिसरी गोष्ट वेळ आली की सांगेन. तीच तुम्हाला जड जाईल."

राणीने राजाला सारे सांगितले. राजाने स्तंभाकडे पाहिले.

"पायातला चिरा काढला तर स्तंभ कलेल."

"कलू द्या, महाराज."

त्याने पहार मागवली आणि कोणाचे साहाय्य न घेता स्वतः चिरा उचकटला. चिरा निघाला तेव्हा स्तंभाच्या लेपातून असंख्य पिल्लांची चिवचिव ऐकू आली. ती साऱ्या नगराने ऐकली. गवंड्यांनी थाप्या खाली ठेवल्या आणि ते घरी गेले. ते पुन्हा कामावर आले नाहीत, आणि राजानेही त्यांना बोलावले नाही.

राणीने त्या चिऱ्यावर घर बांधले. येसाई समोर बसून चुका काढी.

"फट केवढी ठेवलीत, बाई! मुंगसाचे डोके शिरले की अंगही शिरते. आणि वाऱ्याची वाट वर ठेवा, बसणारीच्या अंगावर नको."

राणीने बांबूच्या कामट्या पुन्हा विणल्या. दार पूर्वेकडे ठेवले, की पहिले ऊन आत यावे. टोपलीत भाताचा कोंडा पसरला, त्यावर उवा होऊ नयेत म्हणून चाळलेली राख घातली. मेघ गडगडले तर अंड्यातला जीव दचकतो, म्हणून अंड्यांशेजारी लोखंड ठेवण्याची त्या राज्यात रीत होती. राजाने आपल्या खड्गाची मूठ काढून दिली.

मग राणी दाणा मागायला निघाली. पहिल्याच घरी कुंभारीण दारात उभी होती.

"यावे, महाराणी. तुमचा स्तंभ आमच्या अंगणातून फार शोभतो हो. त्याची तिरीप थेट बाळाच्या तोंडावर येते. बाळ काही डोळे मिचकावीत नाही."

"माझीही मिचकावीत नाही," राणी म्हणाली.

कुंभारणीने तिच्या पदराकडे पाहिले. पदर दुधाने ओला झालेला होता. ती आत गेली आणि ओंजळभर नाचणी घेऊन आली. "मूठच मागितली होतीत ना? उरलेली असू द्या. पाखराला भूक असते."

कोणी जोंधळा दिला, कोणी तांदळाच्या कण्या, कोणी दार न उघडता खिडकीतून मूठ बाहेर केली. दहा घरांचा दाणा झाला. अकरावी मूठ राणीने स्वतः भात कांडून घातली.

काजळी आली. नव्या घराभोवती तिने एक फेरी घातली, दाणा टिपला, पाणी प्याली, आणि येसाईने अरण्यातून आणून टोपलीत ठेवलेल्या त्याच अकरा दगडांवर बसली. बसताच ते दगड अंडी झाले. येसाईने पोटाखाली हात घालून मोजले, अकरा भरली.

"आता तिसरी गोष्ट," काजळी म्हणाली. "एकवीस दिवस सरले की पिल्लू आतून कवच टोचील. मग थांबेल. कदाचित प्रहरभर, कदाचित दिवसभर. ते थकले असे तुम्हाला वाटेल. मेले असे वाटेल. कोणीही बाहेरून कवचाला हात लावू नये."

"हात लावला तर?" राजाने विचारले.

"अंड्याच्या आत पिल्लाचे रक्त कवचाला बांधलेले असते. ते सावकाश अंगात परतते. परतण्याआधी दार उघडणारा त्याला वाचवत नाही."

काजळी दिवसातून एकदाच उठे. तेवढ्यात ती दाणा टिपे, पाणी पिई, धुळीत अंग घोळी. आणि अंडी थंड होण्याआधी परत येई. बसल्या जागी ती चोचीने अंडी परते, कडेचे मध्ये घेई, मधले कडेला सारी, की कोणतेही एक अधिक तापू नये आणि कोणतेही एक गारठू नये. सातव्या दिवशी येसाईने एक अंडे कवडशात धरले.

"पाहा, बाई."

आत तांबडे तंतू पसरले होते, आणि त्यांच्या मध्यावर मोहरीएवढे काहीतरी उडत होते. येसाईने अंडे परत काजळीच्या पोटाखाली ठेवेपर्यंत राणी पाहतच राहिली.

बाविसाव्या दिवशी सकाळी पहिले कवच फुटले. ओले पिल्लू बाहेर पडले, आणि त्याच क्षणी नगरात कुंभारणीच्या घरी बाळ रडले. मग दुसरे फुटले, आणि विणकराच्या घरी बाळ रडले. लोक रस्त्यावर आले. दर वेळी कोणत्या घरातून रडणे आले ते ओरडून राजवाड्यापर्यंत पोहोचवू लागले. मध्यान्हापर्यंत दहा पिल्ले काजळीच्या पंखांखाली होती आणि दहा घरांत बाळे दूध पीत होती. राजवाडा शांत होता.

अकराव्या अंड्याला एक छिद्र पडले होते. त्यातून चोचीचे टोक दिसत होते. ते हलत नव्हते.

राणी हात जोडून समोर बसली होती. राजा तिच्यामागे उभा होता. उन्हाची तिरीप दारातून सरकत टोपलीपर्यंत आली आणि पुढे गेली. तेवढ्यात दासी धावत आली.

"महाराणी, छोट्या बाईंचे ओठ निळे पडले आहेत."

राणी उठली. जाताना तिने राजाकडे पाहिले. "महाराज, आपण—"

"मी आहे," राजा म्हणाला. "तू जा."

राणी आणि येसाई आत धावल्या. राजा खाली बसला. अंड्यातून एक क्षीण चिवचिव आली आणि थांबली. राजाने श्वास रोखला. पुन्हा काही येईना. ज्या हातांनी त्याने सात युद्धे जिंकली, ते हात त्याने मांडीवर ठेवले होते. त्यांतला एक उठला. त्याला कवच फोडावयाचे नव्हते. छिद्राच्या कडेचा, तिळाएवढा एकच कपचा काढावा, पिल्लाला थोडी हवा मिळावी, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने नखाने तेवढा कपचा काढला.

छिद्राच्या कडेवर रक्ताचा एक थेंब आला. मग दुसरा.

आत राजवाड्यात राणीच्या मांडीवर मुलीने डोळे उघडले. तिचे अंग उबदार झाले, तिने आईकडे पाहिले आणि ती एकदा रडली. येसाई म्हणाली, "रडली गं, बाई, रडली!" आणि ते शब्द तिच्या तोंडात असतानाच मुलगी निवली, आणि या वेळी तिच्या छातीवर ठेवलेल्या तळहाताला काहीच कळले नाही.

राणी मुलीला घेऊन बाहेर आली. राजाच्या बोटाला रक्त लागलेले होते. तिने ते बोट पाहिले.

राजा काजळीकडे वळला. "मला पुन्हा शाप दे."

"मी दिलेला शाप सरला," काजळी म्हणाली. "हे मी दिलेले नाही."

त्यानंतर ती मनुष्यवाणीने कधी बोलली नाही.

राज्यात सारे यथास्थित झाले. आज्ञा मागे घेतली गेली. खुडूक कोंबड्या घरोघरी बसू लागल्या, अंगणांत पिल्ले धावू लागली, घारींची सावली पडताच पंखांखाली दडू लागली. दहा बाळे रांगली, चालली, बोलली. कललेला स्तंभ तसाच राहिला. पावसाने त्याचा लेप धुऊन नेला.

राणी राजवाड्यातच राहिली. ती राजाच्या पंगतीला बसे, उत्सवात त्याच्या शेजारी उभी राही, आणि त्याच्याशी एक शब्दही बोलत नसे. राजानेही तिला बोल म्हटले नाही. पण राजवाड्यात कोणतीही कोंबडी उबवणीला बसली की एकविसाव्या दिवशी तो खुराड्यासमोर येऊन बसे आणि शेवटचे पिल्लू बाहेर येईपर्यंत उठत नसे. मंत्री येत, दूत येत. तो त्यांना थांबवून ठेवी. एखादे पिल्लू कवच टोचून थांबले की त्याच्या कपाळावर घाम येई. येसाई म्हणे, "महाराज, मी आहे ना, आपण का कष्टता?" तो अंड्यावरची नजर काढत नसे.

असे तीन वर्षे चालले. चौथ्या वर्षी, वैशाखात, एका तांबड्या कोंबडीखालचे एक अंडे असेच टोचले गेले आणि थांबले. सकाळ गेली. मध्यान्ह गेली. राजाचा उजवा हात उठू लागला. त्याने तो डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला.

कोणीतरी शेजारी येऊन बसले. राजाने मान वळवली नाही.

"थांबा," राणी म्हणाली.

तिने त्याचा हात धरला नाही. दोघे अंड्याकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळाने आतून चोच हलली, कवचावर एक रेघ उमटली, ती सावकाश भोवती फिरली, आणि ओले, कुरूप, एवढेसे पिल्लू आपल्याच बळाने बाहेर येऊन पडले.

त्याची पिसे वाळेपर्यंत दोघे तिथेच बसून होती.