चेंडू कुणाकडे बघतो

“खेळातून मी त्याला काढून टाकलं, बाई. मग तो गेला कुठे?”

हा प्रश्न आठवडाभर रात्री मी छताला विचारत होते. शेजारी झोपलेल्या लेकीच्या, मिहूच्या नाकापाशी बोट धरायचं, श्वास लागला की छताकडे बघायचं, मग पुन्हा बोट. छताने काही सांगितलं नाही, म्हणून बाईंकडे आले.

बाई म्हणजे उमाबाई. अकरावी-बारावीला त्यांनी मला भौतिकशास्त्र शिकवलं. पुढे नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला, आणि आता फलटणजवळच्या एका महानुभाव आश्रमात राहतात. वर्गातही त्या कमी बोलायच्या. आता त्याहून कमी.

तिथल्या रीतीप्रमाणे मी दंडवत प्रणाम म्हणाले. बाईही म्हणाल्या. माझी पाच वर्षांची मिहिका ‘हाय’ म्हणाली.

“त्याला म्हणजे कुणाला?” बाईंनी विचारलं.

“कुणाला असं नाही. एक बिंदू होता नुसता.”

“नीट सांग, हेमांगी.”

मी घरी बसून मोबाइलवरचे छोटे खेळ बनवते. हा खेळ जुनाच. दोन कडांना दोन उभ्या पट्ट्या, मधे चेंडू. आपली पट्टी खालीवर सरकवून चेंडू परतवायचा. हुकला की गुण समोरच्याला. असे खेळ ढिगाने पडलेत. माझ्यात काहीतरी वेगळं हवं म्हणून मी पडद्यावर एक न दिसणारा बिंदू ठेवला. चेंडू जवळून गेला की तो त्याला ओढतो. जितका जवळून जाईल तितकी ओढ जास्त. पडद्यावर दिसत काहीच नाही. चेंडू मात्र रिकाम्या जागेपाशी येतो आणि वळतो.

मला याचा फार अभिमान होता. बाईंना सांगतानाही थोडा वाटला, खोटं कशाला बोलू.

“खेळून कुणी बघितला?”

“मिहूने. घरात तेवढीच एक रिकामी असते.”

बाई हसल्या नाहीत.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आई, मध्ये कोण बसलंय? मी म्हटलं, कोणी नाही गं. तर म्हणते...”

मला ते पुन्हा मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

“म्हणते, मग चेंडू कुणाकडे बघतो?”

अंगणात आश्रमातल्या सोजरताई सारवत होत्या. त्यांचा हात अर्धगोल फिरायचा, मागे सरकायचा, पुन्हा अर्धगोल. ओट्याच्या कडेला बसून मिहू त्या हाताकडे टक लावून बघत होती.

“मग?” बाई म्हणाल्या.

“मग मी बिंदू काढून टाकला. चार ओळींचं तर काम. चेंडू सरळ जायला लागला. मिहूने थोडा वेळ खेळून बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाली, उठून गेला वाटतं.”

“मग?”

“त्याच संध्याकाळी ती सोफ्यावरून उठली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघाली. आमच्या हॉलमध्ये मधे काही नाही, बाई. टेबल नाही, सतरंजी नाही, नुसती फरशी. अर्ध्यात आली आणि वळसा घालून गेली. बसलेल्या माणसाला आपण घालतो ना, तसा. फ्रॉकसुद्धा जरा आवरून घेतला.”

“विचारलंस तिला?”

“नाही.”

“का?”

“उत्तर आलं असतं तर?”

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“तू काय सांगतेस तिला?”

“इथे कोणी नाही, सरळ चाल. रोज सांगते.”

“ती?”

“हो म्हणते. आणि वळसा घालून जाते.” मग मला स्वतःचीच लाज वाटली. “मी काही अडाणी नाही, बाई. लहान मुलांचे मनातले मित्र वगैरे, सगळं वाचून झालंय माझं.”

“वाचून झोप लागली?”

“नाही.”



“बिंदूची ओढ फार वाढवली तर काय होतं?” बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

“डाव सुरू होताना चेंडू मधूनच सुटतो. ओढ फार असली तर तो बाहेर पडूच शकत नाही. बिंदूभोवती फिरत राहतो. कुठल्याच पट्टीपर्यंत पोचत नाही.”

“मग हरतं कोण?”

“कोणीच नाही.”

“जिंकतं?”

“कोणीच नाही. खेळ चालू दिसतो, बाई, पण खेळत कोणी नसतं.”

“हं.”

या ‘हं’ला आमचा अख्खा वर्ग घाबरायचा.

“बिंदू कुठे ठेवला होतास?”

“मध्ये.”

“बरोबर मध्ये?”

“नाही... जरा डावीकडे. आणि थोडा खाली.”

“का?”

“काही कारण नाही. डोळ्याला तिथे बरा वाटला.”

“आणि घरातली जागा?”

“सोफ्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे जाताना मध्ये...” मी बोलता बोलता थांबले. “जरा डावीकडे.”

“तिथे काय झालं होतं?”

“काही नाही.”

बाई थांबल्या. चुकीचं उत्तर आलं की त्या अशाच थांबायच्या, आपलं उत्तर आपणच खोडेपर्यंत.

मी मिहूकडे पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं. तरी मी आवाज खाली आणला.

“मागच्या वर्षी तिला ताप होता. मी पेज गरम करत होते. मागे वळले तर ती तिथे पडलेली. आकडी आली होती. डोळे... नको. डॉक्टर म्हणाले, या वयात तापात येते काही मुलांना, मोठी झाली की जाते. परत आलेली नाही.”

“तिला आठवतं?”

“नाही. आम्ही सांगितलंही नाही. घरात तो विषय कोणी काढत नाही.”

बाईंनी मान हलवली. आता त्या काहीतरी सांगतील म्हणून मी वाट पाहत राहिले. इतका प्रवास करून आल्यावर माणसाला दोन वाक्यं तरी मिळावीत.

“पाणी आण,” बाई म्हणाल्या.

पाण्याचा रांजण अंगणाच्या पलीकडे, कडुनिंबाखाली होता. मी उठले आणि कडेकडेने निघाले.

“मधून जा.”

“ओलं आहे, बाई.”

“सारवलेलं परत सारवता येतं.”

सोजरताईंनी बादली उचलली आणि कंबरेवर हात ठेवून आधी बाईंकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. “आत्ता कुठं पाठ सरळ केली मी,” त्या म्हणाल्या. “जावा. शहरातली पावलं, ती तरी कधी उमटायची शेणात.”

मी गेले. सरळ गेले. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वेळी माझं सगळं लक्ष चालण्याकडेच होतं. मिहूला एकदा नीट दाखवून द्यावं की रिकाम्या जागेतून माणसं कशी चालतात, असंही मनात होतं. पायाखाली सारवण गार आणि मऊ लागत होतं. मी रांजणापाशी पोचले, तांब्या भरला आणि वळणार तेवढ्यात बाई म्हणाल्या,

“तिथेच थांब. खाली बघू नकोस. मिहिका, आईकडे जा बाळ.”

मिहू ओट्यावरून उतरली. दोन्ही हात पसरून, पाय लांब लांब टाकत निघाली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. अर्ध्यात आली.

आणि वळली.

अंगण मोकळं होतं. कडुनिंबाची सावली सोडली तर मधे काडीसुद्धा पडलेली नव्हती. मिहू त्या नसलेल्या कुणाच्या तरी कडेने सावकाश गेली, आणि पलीकडून पुन्हा माझ्या दिशेला लागली.

तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

“बघितलंत?” मी म्हणाले. “बघितलंत ना, बाई? इथेही आहे तो. आमच्याबरोबर आलाय.”

“पोरीकडे नको बघूस,” बाई म्हणाल्या. “आता खाली बघ.”

मी खाली पाहिलं.

मिहू माझ्या ठशांत पाय ठेवून येत होती. एकेका ठशासाठी तिला टाच उचलून पाय ताणावा लागत होता. तिची स्वतःची वेगळी रांग अंगणात नव्हतीच. एकच रांग होती, माझी. ती ओट्यापासून सरळ निघाली होती, अर्ध्यावर येऊन वळली होती, आणि मग पुन्हा सरळ झाली होती.

मी ठसे पुन्हा पाहिले. मग तिसऱ्यांदा. ठसे तसेच राहिले.

मिहू माझ्यापाशी पोचली आणि कुर्त्याला धरून उभी राहिली.

“तुझ्या पावलांत चालून चालून मी दमते, आई,” ती म्हणाली.

ठशांच्या त्या वळणाच्या आत सोजरताईंच्या हाताचे अर्धगोल जसेच्या तसे होते. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा. थोडी डावीकडे.

“मध्ये कोण आहे?” ओट्यावरून बाईंनी विचारलं.

कोणी नाही, म्हणायला मी तोंड उघडलं. नाही म्हणायची वर्षभराची सवय. पण नजर पुन्हा ठशांच्या वळणाकडे गेली.

“जाऊन बस.”

“कुठे?”

बाईंनी बोट दाखवलं नाही.

सोजरताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “कपडा खराब होईल हां, ताई.” कुर्ता नवा होता. हे मला तेव्हाही सुचलं, याचं आता नवल वाटतं. मी तांब्या खाली ठेवला, मिहूची मूठ सोडवली आणि त्या जागेकडे चालू लागले. थोडंच अंतर होतं. पण दर पावलाला पाय बाजूला जायला बघत होता, उतारावर जातो तसा. अंगणाला उतार नव्हता.

मी बसले.

कडुनिंबाची सावली होती. सारवण अजून ओलं होतं. जमीन गार लागायला हवी होती.

कोमट लागली. कुणी आत्ताच उठून बाजूला झालं असावं, तशी.

उन्हाने असेल, असं मी मनात म्हटलं. पण ऊन तिथे नव्हतं.

“बाई...”

“मला नको सांगूस,” बाई म्हणाल्या. “आणि तिलाही नको. तिला विचार.”

वर्षभर मी मिहूला फक्त सांगत आले होते. पळू नको. आणि आता आठवडाभर: सरळ चाल. कोणी नाही. काही झालं नाही. 

“मिहू... इथे कोण आहे?”

ती रांजणापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या ठशांकडे. आणि निघाली. या वेळी ठशांत पाय ठेवला नाही. हात पसरले नाहीत. कोऱ्या सारवणावर छोटी छोटी पावलं उमटवत ती सरळ माझ्या दिशेने आली आणि अगदी जवळ येऊन थांबली.

तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या मांडीला लागून, जरा डावीकडे होती. सोफ्यावर मी जास्त जागा अडवली की येते तशी बारीक आठी तिच्या कपाळावर आली.

“सरक ना थोडी, आई,” ती म्हणाली. “त्याला पण बसू दे.”